पायाळू मॅडमचा पुरस्कार

सुकेशनी वाव्हळे जन्मली ती उलटी. आधी पाय बाहेर आले, मग डोकं. ताडकळसला अशा माणसाला पायाळू म्हणतात, आणि पायाळूचं गावात काय काय करायचं हे पोर उभी राहायला शिकण्याआधीच ठरून गेलेलं असतं. आभाळ गरजायला लागलं की तिला घरात कोंडायचे, कारण पायाळूवर वीज पडते. आणि कुणाच्या पाठीत उसण भरली की तिला बोलावणं यायचं, कारण पायाळूचं पाऊल तीनदा पाठीला लागलं की उसण निघून जाते. वीज तिच्यावर कधी पडली नाही. बोलावणी मात्र फार आली.

बाप सिद्धोधन पूर्णेला रेल्वेत गँगमन होता, आई चांगुणाबाई दुसऱ्याच्या रानात निंदायला जायची. बोलावणं बहुतेक वेळा बायनाबाईचं असायचं. गावातल्या सगळ्यात मोठ्या बागायतदाराची ही बायको, अंगानं दांडगी, आणि महिन्यातून दोनदा तिची पाठ धरायची. पोरीला घरात घ्यायचं नाही म्हणून गोठ्यात गोणपाट अंथरलेलं असायचं. बायनाबाई त्यावर पालथी पडायची. कामवाली वरून तांब्याची धार सोडून पोरीचे पाय धुवायची, आणि मग सहा-सात वर्षांची सुकेशनी त्या पाठीवर चढायची. तीनदा पाय लावून झाला की बायनाबाई ‘आता बरं वाटलं बाई’ म्हणत उठायची आणि तडक न्हाणीत जायची, पोरीचा विटाळ धुवायला. पोरीच्या ओंजळीत वरून भाकरी पडायची. म्हणजे तेवढं पाऊल चालत होतं, पावलाच्या वरची पोर चालत नव्हती.

पण त्या पाठीवर उभं राहून पोरीला एक गोष्ट साधली. हाड कुठं आहे, मांस कुठं आहे, गाठ कुठं धरली आहे, हे तिला तळव्यानं कळायला लागलं. शाळेत हाडांचा धडा आला तेव्हा मास्तर फळ्यावर मणके काढत होते आणि ती बाकाखाली पायाची बोटं दाबून ते मोजत होती. घरी येऊन तिनं बापाला विचारलं, “आबा, माझ्या पायात खरंच काई हाय का?”

सिद्धोधन हसला. “आगं, उसण दाबल्यानं मोकळी व्हती. तिथं म्हशीनं पाय दिला तरी जाईल. तुझ्या पायात काई न्हाई, आन् त्यायच्या डोस्क्यातबी काई न्हाई.” आणि त्याच जूनमध्ये त्यानं तिला परभणीच्या वसतिगृहात नेऊन टाकलं, म्हणजे बोलावणीच बंद. बापाचं ते वाक्य तिनं आयुष्यभर जपलं. पायाळू हा शब्द मात्र परभणीत कुणाला कळू दिला नाही.

ती शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन परभणीतल्याच एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर लागली. तिथं संगीत-नृत्याचा विभाग नवा निघाला होता, आणि अभ्यासक्रमात नृत्यविज्ञान नावाचा एक पेपर होता. नाचताना कुठल्या हाडावर किती भार येतो, कुठलं दुखणं नाचून मोकळं होतं आणि कुठलं नाचल्यानं कायमचं बसतं, असला सगळा मामला. नृत्याचे सर म्हणाले, आम्ही कलावंत माणसं, हे आमचं काम नव्हे. “हाडांचा विषय आहे, वाव्हळे मॅडमलाच शोभेल,” असं स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं आणि सगळे कपातला चहा सांडेपर्यंत हसले. तिच्या आज्या-पणज्यांना गावानं ओढायला लावलेली मेलेली ढोरं त्या हसण्यात होती. हसणाऱ्यांना ते ठाऊक होतं आणि तिलाही. तिनं हजेरीपट उचलला आणि वर्गावर गेली.

चोवीस वर्षं ती तो विषय शिकवत राहिली. दर जूनला नवा अर्ज, दर जुलैला नवी नेमणूक. साधनं म्हणाल तर एक फळा, दोन रंगांचे खडू आणि पाण्याची परात. मुलींना ती परातीत पाय बुडवून शहाबादी फरशीवरून चालायला लावायची आणि ठसे वाळायच्या आत सांगायची, तुझी कमान बसली आहे, तू उजव्या अंगावर भार टाकतेस, तुला पोटरीत गोळा येतो की नाही सांग. मुली खुळावून जायच्या. ज्या मंचावर त्या नाचायच्या तोही शहाबादीचाच होता. दगडावर उड्या मारून पायांची वाट लागते, वर लाकडी फळ्या टाकून द्या, असा अर्ज ती दर वर्षी करायची. सगळे अर्ज कार्यालयात व्यवस्थित फायलीला लावलेले आहेत.

एकदाच तिनं अर्जाच्या पुढं जाऊन काही केलं. त्याला आता अकरा वर्षं झाली. बोरीची राजेश्री नावाची मुलगी होती, समूहनृत्यात सगळ्यात पुढं नाचणारी. युवक महोत्सवाला दोन दिवस असताना सुकेशनीनं तिच्या नडगीवरून अंगठा फिरवला आणि एका ठिकाणी थांबली. हाडाला बारीक तडा गेला आहे, हिनं नाचायचं नाही, असं तिनं लेखी दिलं. एक मुलगी कमी पडली आणि महाविद्यालयाचा संघ हात हलवत परत आला. पुढच्या जुलैला सुकेशनीचे तास निम्मे झाले. राजेश्रीच्या बापानं तर ‘नाचणार न्हाई तर कॉलिजात काय करती’ म्हणून पोरीचं लग्नच लावून टाकलं. सुकेशनीला वाईट वाटलं, पण पस्तावा झाला नाही. आपण एका पोरीचा पाय वाचवला, हे ती अधूनमधून स्वतःला सांगायची. दुसरं कुणी सांगणारं नव्हतंच.

मग गेल्या हिवाळ्यात महाविद्यालयाच्या मूल्यांकनाला समिती येणार असं ठरलं. जे दुसऱ्या कुणाकडं नाही असं काहीतरी आपल्याकडं दिसलं पाहिजे म्हणून प्राचार्य माणिकरावांनी सगळी कपाटं धुंडाळली. त्यात त्यांना नृत्यविज्ञान सापडलं. आठ दिवसांत परिपत्रक निघालं: ‘प्रा. सुकेशनी वाव्हळे नृत्यविज्ञान विद्यार्थी पुरस्कार’, दर वर्षी एका विद्यार्थ्याला, पहिलं वितरण समितीच्या साक्षीनं. शिपायानं ते परिपत्रक आणून दिलं तेव्हा सुकेशनीनं ते तीनदा वाचलं. मग ती बायकांच्या स्वच्छतागृहात जाऊन कडी लावून रडली. तिला कळत होतं की हे कशासाठी चाललं आहे. तरी ती हरखून गेली होती. सत्तावन्न वर्षांत तिचं नाव कुणी पाटीवर लिहिलं नव्हतं, आणि आता ते पितळेच्या पट्टीवर कोरलं जाणार होतं. ऐंशी वर्षांच्या चांगुणाबाईला रिक्षातून आणून पहिल्या रांगेत बसवायचं, हे तिनं त्याच दिवशी ठरवलं.

पुरस्कार मिळाला अर्पिताला. सोनपेठकडची, शेतकऱ्याची मुलगी, दुसऱ्या वर्षाला. गोंधळ नाचताना टाचेवर येणाऱ्या भारावर तिनं प्रकल्प लिहिला होता, आणि तो खरोखरच चांगला होता. चोवीस वर्षांत सुकेशनीला जर कुणी मनासारखी विद्यार्थिनी मिळाली असेल तर ती ही. समितीपुढं अर्पितानं आधी गोंधळ नाचून दाखवायचा आणि मग पुरस्कार घ्यायचा, असा कार्यक्रम ठरला.

कार्यक्रमाच्या सकाळी एका रिकाम्या वर्गात मुलींची रंगभूषा चालली होती. आलता लावायचा म्हणून अर्पिता पाय धुऊन आली आणि फरशीवरून चालत बाकापर्यंत गेली. सुकेशनी दारातच उभी होती. तिनं ठसे पाहिले. उजवा पाय नीट उमटला होता. डाव्याची नुसती बाहेरची कड आणि टाच.

“कधीपासून?” तिनं विचारलं.

“कुठं काय, मॅडम.”

“मी विचारलं, कधीपासून.”

अर्पितानं मान खाली घातली. “दिवाळीपासून दुखायलंय. थोडंच दुखतंय.”

सुकेशनी खाली बसली. तिनं तो पाय मांडीवर घेतला आणि कमानीच्या माथ्यावर, रुपयाएवढ्या एका जागेवर अंगठा दाबला. मुलीनं बाकाची कड घट्ट धरली. मग तिनं तिला त्या एका पायावर उडी मारायला लावली. एकच उडी. अर्पिताच्या ओठांचा रंगच उडाला.

त्या जागी नावेच्या आकाराचं एक हाड असतं. त्याला रक्त कमी पोचतं, म्हणून तडकलं तर लवकर सांधत नाही. आणि तडकलेल्यावर उड्या मारल्या तर त्याचे दोन तुकडे होतात. सुकेशनी दर वर्षी ते फळ्यावर काढायची, भोवती लाल खडूनं गोल करायची आणि म्हणायची, परीक्षेत आलं नाही तरी चालेल, पण एवढं हाड मरेपर्यंत विसरायचं नाही. अर्पिताच्या वहीतही ते लाल गोलासकट होतं.

“तू आज नाचणार नाहीस,” सुकेशनी म्हणाली आणि प्राचार्यांना सांगायला निघाली. एवढं तिनं केलं, हे तिच्या बाजूनं सांगायला पाहिजे.

बाहेरच्या व्हरांड्यात एक बाई आठ-नऊ वर्षांच्या मुलीचा हात धरून उभी होती. “वळखलं का, बाई?”

सुकेशनीनं चेहरा पाहिला आणि मग सवयीनं पाय पाहिले. सरळ, भक्कम, कुठंही न लंगडणारे. “राजेश्री,” ती म्हणाली, आणि तिला मनापासून आनंद झाला.

“व्हय, म्याच.” राजेश्रीनं मुलीचा हात सोडला, साडी जरा वर खोचली आणि तिथंच दगडी फरशीवर दोन्ही पायांनी धाडकन उडी मारली. मग आणखी एक. “बगा. काई झालं का? अकरा वर्सांत एकदाबी दुखला न्हाई ह्यो पाय. काई झालंच नव्हतं त्याला. तुमी उगंच थांबवलं मला. समद्या पोरी पुढं गेल्या, म्या दोन म्हशी आन् सासूचं आजारपण बघत बसले. तुमचा सत्कार हाय म्हणून कळलं, म्हणलं जाऊन बघावं, बाईचा कशापाई सत्कार करायलेत.”

तू थांबलीस म्हणूनच दुखला नाही, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण मोडलेलं हाड दाखवता येतं, वाचवलेलं कसं दाखवणार? राजेश्री पोरीला घेऊन सभागृहाकडं निघून गेली. जिच्या आधारावर आपण अकरा वर्षं स्वतःला बरं म्हणत आलो ती आपल्याला शिव्या घालत होती, हे सुकेशनीला आज कळलं, आणि ते तिला फार लागलं.

माणिकराव मंचावर गालिचा अंथरून घेत होते. शहाबादीवर लाल गालिचा, खाली फळी एकही नाही. सुकेशनीनं पायाचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचा आवाज कधी चढायचा नाही.

“मॅडम, पुरस्कार तुमच्या नावाचा आहे. तुम्ही म्हणाल तसं. रद्द करायचं म्हणता? लगेच करतो. समितीला सांगू, तयारी नव्हती. पण मग पुरस्कारही आजचा आजच संपला, हे लक्षात घ्या. पुढच्या जुलैला विभाग राहतो की नाही हेही मी आज सांगू शकत नाही.” मग ते समोर बघत म्हणाले, “त्या तुमच्या मातोश्री ना? किती लांबून आणलंत त्यांना.”

पहिल्या रांगेत चांगुणाबाई पांढऱ्या लुगड्यात आखडून बसली होती. एवढ्या मऊ खुर्चीवर पाठ टेकायची की नाही हे तिला ठरवता येत नव्हतं. लेकीला बघून तिनं हात वर केला. सुकेशनी परत वर्गाकडं आली.

वर्गात अर्पिताजवळ तिचा बाप महारुद्र उभा होता. धोतर-टोपी नाही, पँट-शर्टातला शेतकरी, हातात गुलाबाची माळ. “मॅडम, पोरगी म्हणती तुमी नाचू द्यायला न्हाई म्हणता. समदं गाव जीप करून आलंय की.” मग तो जवळ आला आणि त्यानं आवाज खाली आणला. “तुमी ताडकळसच्या ना? पायाळू? बायनाबाई माजी सख्खी आत्या, तुमचं नाव ऐकून तिनंच वळखलं. आता पडून ऱ्हाती, पण आजबी म्हणती, त्या पोरीच्या पावलासारखा गुण कशालाच न्हाई. मॅडम, पोरीच्या पायाला तुमचं पाऊल लावा. तीनदा. म्या तुमच्या पाया पडतो.”

पन्नास वर्षांनी तो शब्द असा समोर आला. सुकेशनीनं अर्पिताकडं पाहिलं. ही मुलगी आता हसेल, असं तिला वाटलं. हिनं हाडाचं चित्र काढलं आहे, ही बापाला म्हणेल, अण्णा, असलं काही नसतं. अर्पिता हसली नाही. तिनं डावा पाय पुढं केला आणि म्हणाली, “लावा ना, मॅडम.”

जे झालं ते अर्ध्या मिनिटात झालं. सुकेशनीच्या डोक्यात त्या अर्ध्या मिनिटात काय काय होतं ते तिनं नंतर अनेकदा आठवून पाहिलं. पितळेची पट्टी होती, आईची खुर्ची होती, राजेश्रीची धाडकन मारलेली उडी होती. हाडही होतं. ते शेवटपर्यंत होतं, लाल गोलासकट. तिनं चप्पल काढली आणि त्या कमानीवर हलकंच पाऊल टेकवलं. एकदा, दोनदा, तीनदा. तळव्याला ती जागा गरम लागली. “जा,” ती म्हणाली.

समितीला उशीर झाला, पण सभागृह भरलं होतं म्हणून कार्यक्रम सुरू केला. सुकेशनी खांद्यावर शाल घेऊन मंचावरच्या खुर्चीत बसली. संबळ वाजायला लागला आणि अर्पिता नाचली. अशी नाचली की मागच्या रांगेतली माणसं उठून उभी राहिली. सुकेशनी प्रत्येक उडीला खुर्चीचा हात आवळत होती. एक, चार, नऊ, चौदा. गोंधळ संपला आणि काहीही मोडलं नाही. तिनं श्वास सोडला. मग तिच्या मनात एक विचार आला, ज्याची तिला पुढं सगळ्यात जास्त लाज वाटली. ती खूश झाली. आपल्या पायात काहीतरी असेलही, असं तिला वाटलं. बाप सिद्धोधन चुकलाही असेल.

तेवढ्यात दारात गडबड उडाली आणि समितीचे तिघं आत आले. माणिकराव लगबगीनं खाली उतरले, हार घातले, त्यांना बसवलं आणि मंचाकडं वळून म्हणाले, “बाळ अर्पिता, पहिल्यापासून!” अर्पिता घामानं भिजली होती. तिनं मान वळवून सुकेशनीकडं पाहिलं.

“आणि मॅडम,” माणिकरावांनी ध्वनिक्षेपक तिच्या हातात दिला, “यातलं विज्ञान समितीला आपणच समजावून सांगा.”

आता तिच्या हातात माइक होता. सगळं सभागृह तिच्याकडं बघत होतं आणि ही मुलगी पुन्हा नाचणार नाही एवढंच म्हणायचं होतं. अकरा वर्षांपूर्वी कागदावर लिहिलं होतं तेवढंच. तिनं घसा साफ केला. “नमस्कार,” ती म्हणाली. “नृत्यामध्ये उडी महत्त्वाची नसते. उडीनंतर पाऊल कसं टेकतं, ते महत्त्वाचं.”

संबळ पुन्हा सुरू झाला. समितीतले एक गृहस्थ वहीत लिहायला लागले. सुकेशनी बोलत राहिली, आणि ती छान बोलत होती. चोवीस वर्षं हा विषय तिनं वीस-पंचवीस मुलींपुढं मांडला होता, आज पाचशे माणसं ऐकत होती. “आता बघा. आधी बोटं टेकतील, मग चवडा...” अर्पिता खाली आली. संबळाच्या दणक्यात तो आवाज कुणाला ऐकू गेला नाही, पण सुकेशनीला गेला. वाळकी काडी मोडावी तसा. “...आणि मग टाच,” तिनं वाक्य पुरं केलं.

अर्पिता पडली नाही. राहिलेला गोंधळ ती एका पायावर नाचली. लोकांना ते कौशल्य वाटलं आणि त्यांनी टाळ्यांचा नुसता कडकडाट केला. पुरस्कार घेताना तिनं टेबल धरलं होतं आणि तिच्या चेहऱ्यावरची रंगभूषा ओघळत होती. मानपत्र वाचलं गेलं: ‘वाव्हळे मॅडमच्या प्रदीर्घ सेवेत एकाही विद्यार्थिनीला दुखापत झाली नाही, हीच त्यांच्या शास्त्राची थोरवी.’ छायाचित्रकाराला फोटो नीट मिळाला नाही म्हणून पितळेची पट्टी परत घेऊन पुन्हा द्यायला लावली. पहिल्या रांगेत चांगुणाबाई दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होती. तिच्या शेजारच्या रांगेत राजेश्री डोळे पुसत होती. या पोरीला बाईंनी थांबवलं नाही, हे बघून तिला आपलं आठवत होतं.

त्यानंतरचं फार नाही. परभणीत एक शस्त्रक्रिया झाली, नांदेडला दुसरी. हाडात स्क्रू टाकले, हाड काही सांधलं नाही. अर्पितानं महाविद्यालय सोडलं. सुकेशनीनं तब्येतीची विचारपूस करणारे चार संदेश पाठवले आणि भेटायला एकदाही गेली नाही. समितीनं महाविद्यालयाला वरची श्रेणी दिली, पुरस्कार कायमचा झाला, सुकेशनीचा फोटो विभागाच्या भिंतीवर लागला. फळ्यांचा अर्ज तिनं यंदा केला नाही.

एप्रिलमधल्या अमावस्येला, भर दुपारी, तिच्या दारात एक जीप थांबली. महारुद्र उतरला. त्यानं नारळ आणि साडी आणली होती. हा आता विचारणार, असं तिला वाटलं, आणि खरं सांगायचं तर तिला ते हवंही होतं.

“मॅडम, तुमाला कुणी बोल लावंल तर मला सांगा,” महारुद्र म्हणाला. “तुमी पाऊल लावलं व्हतं. पैल्या टायमाला काई झालं का? न्हाई. दुसऱ्यांदा नाचायच्या आधी परत लावायचं ऱ्हायलं, ती चूक आमची. पोरीनं मागायला पायजे व्हतं. आत्या म्हणती, तीन अमावस्या त्याच पायाळूचं पाऊल लावा, हाड सांधतं. आनलीय तिला.”

त्यानं अर्पिताला उचलूनच आत आणलं आणि खुर्चीवर बसवलं. ती वाळली होती. मग तो तांब्या मागून मोरीकडं गेला, सुकेशनीचे पाय धुवायला पाणी आणायला. खोलीत दोघीच राहिल्या.

“अर्पिता,” सुकेशनी म्हणाली, “मला माहीत होतं. मोडणार हे मला माहीत होतं.”

“मलाबी माहीत होतं, मॅडम,” अर्पिता म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर सुकेशनीला बरं वाटलं असतं. “तुमीच तर शिकवलं होतं. नाचले तर तुटणार, एवढं कळत होतं मला. पण तुमी पाऊल लावलं. मला वाटलं, मॅडमला आपल्यापेक्षा जास्त कळतंय, मॅडमनं जा म्हणलं म्हंजे काईतरी असंल. दुसऱ्यांदाबी मी तुमच्याकडंच बघितलं होतं.” मग तिनं मोरीकडं पाहिलं. “अण्णाला सांगू नका. त्यायनी दोन महिने ह्याच आशेवर काढलेत. लावा पाय.”

महारुद्र तांब्या घेऊन आला. जमिनीवर बसला आणि सुकेशनीचे पाय त्यानं स्वतःच्या हातांनी धुतले, बोटांच्या बेचक्यांसकट, आणि ते पाणी डोळ्यांना लावलं. न्हाणीत जाऊन तिचा विटाळ धुणाऱ्या बायनाबाईचा सख्खा भाचा तिच्या पायाचं पाणी डोळ्यांना लावत होता, आणि तिला गोठ्यातलं गोणपाट यापेक्षा बरं वाटलं. तिथं निदान ती खोटं बोलत नव्हती.

तिनं पाऊल उचललं आणि अर्पिताच्या पायावर टेकवलं. तळव्याला आधी व्रण लागला, मग स्क्रूचं डोकं, आणि त्याच्या पलीकडं हाडाची कड, जिथं नसायला पाहिजे तिथं. ते सांधलेलं नव्हतं आणि सांधणार नव्हतं. एवढं तिला नेहमीच नीट कळायचं. अर्पितानं डोळे मिटून घेतले होते. सुकेशनीनं पाऊल तीनदा लावलं.

“लागलं का, मॅडम?” महारुद्रानं विचारलं. “पुढच्या अमावस्येला परत आनू ना?”

“आणा,” ती म्हणाली.